बेबीच्या कुरडया आणि धाकटं गाव

कारंजखोप नगरपरिषदेत फाइल कशी चालायची ते आधी सांगायला हवं, नाहीतर शैलाक्कानं जे केलं ते कुणाला खरं वाटायचं नाही.

चालायची कसली, बसायची. कासार आळीतल्या दाजीबांनी बाल्कनीची परवानगी मागितली होती. ती हातात पडली तेव्हा बाल्कनीत उभं राहायला त्यांचे नातजावई आले होते. एका फाइलीत तर म्हणे चिमणीनं घरटं केलं, अंडी घातली, पिल्लं मोठी होऊन उडून गेली, त्या पिल्लांनी पुढच्या वर्षी येऊन शेजारच्या फाइलीत घरटी केली, तरी पहिलीवर सही व्हायची होतीच.

पण गावाला त्याचं काही वाटायचं नाही. उलट त्या वेळातच सगळी गंमत होती. कुणी मजला चढवायचा अर्ज टाकला की शेजाऱ्यानं हरकत घ्यायची, ही कारंजखोपची रीत. हरकत घ्यायची, समोरासमोर आलं की तोंड फिरवायचं, पापडाला बोलवायचं नाही, हळदीकुंकवाला कोपऱ्यात बसायचं. मग केव्हातरी बांधणारा नारळ आणि पेढे घेऊन दारात यायचा. "वहिनी, चुकलं. आधी तुमच्या कानावर घालायला हवं होतं." वहिनी डोळ्याला पदर लावायच्या, चहा टाकायच्या आणि हरकत मागं घ्यायच्या. फाइल तोवर त्याच टेबलावर. कुणाचं काही बिघडायचं नाही. हरकत आली नाही तर बांधणाराच उदास व्हायचा, की आपल्याला या गल्लीत कुणी धरत नाही की काय.

आणि मग धाकटं गाव आलं.

त्याचं कागदावरचं नाव लांबलचक होतं. लोक धाकटं गाव म्हणायचे. नगरपरिषदेच्या तळघरात थंडगार कपाटांमध्ये अख्खं कारंजखोप दुसऱ्यांदा वसवलं होतं. मातीविटांचं नव्हे, आकड्यांचं. पण त्यात प्रत्येक भिंत होती, प्रत्येक गटार, मारुतीपुढचा कडुलिंब, त्याच्या फांद्या कुठं वाकतात तेसुद्धा. ते गाव ताजं राहावं म्हणून थोरल्या गावातल्या प्रत्येक छपरावर चुन्याच्या डबीएवढी एक डबी चिकटवलेली. ती ऊन मोजायची, वारा मोजायची आणि हवेतला ओलावा हुंगायची. हुंगायची म्हणजे अगदी बारीक. धुणं वाळतंय की मिरच्या, शेवया की कुरडया, ते ओळखायची. कुरडयांच्या चिकाला आंबूस वास असतो, तो तर तिला लांबूनच यायचा.

कुणी अर्ज टाकला की धाकट्या गावात तो मजला लगेच उभा राहायचा. मग त्याच्यावरून पुढच्या कित्येक वर्षांचे सूर्य उगवून मावळायचे, पावसाळे धावायचे, गटारं तुंबायची, सावल्या इकडून तिकडं फिरायच्या. कुणाचं काय जाणार, कुणाला काय मिळणार, सगळं कळायचं. हे सगळं व्हायला आपल्या गॅसवर चहाला उकळी यायला लागते तेवढा वेळ. की निकाल.

डबीला फक्त माणसं दिसायची नाहीत. कायदाच तसा होता. कुणाच्या घरात कोण येतं-जातं यात नगरपरिषदेनं नाक खुपसायचं नाही. त्यामुळं छपरावर काय वाळतंय ते धाकट्या गावाला माहीत, कुणाच्या हातचं ते माहीत नाही.

शैलाक्का ढवळे आणि बेबी माने या समोरासमोर राहायच्या. मधे गल्ली एवढीशी, की एकीनं फोडणी दिली तर दुसरीला शिंक यायची. बेबी आता साठीच्या पुढची होती, तरी बेबीच. खरं नाव तिला स्वतःला आठवायला जरा वेळ लागायचा. शैलाक्काच्या घरावर चांगली सिमेंटची गच्ची होती. बेबीच्या घरावर उतरता पत्रा. म्हणून बेबीच्या कुरडया शैलाक्काच्या गच्चीवर वाळायच्या. लग्नकार्याच्या रुखवतापासून पुण्याच्या दुकानापर्यंत तिच्या कुरडया जायच्या, तिचं घर त्याच्यावरच चाललेलं. दर उन्हाळ्यात बेबी पहाटे चीक शिजवायची, ऊन चढायच्या आत सोऱ्या घेऊन वर यायची, जुन्या साडीवर पांढरी वेटोळी घालत जायची. शैलाक्काचं काम एकच. टोकाला काळं फडकं बांधलेली काठी घेऊन बसायचं आणि कावळे हाकलायचे. त्याबद्दल तिला पहिल्या चिकाची वाटी मिळायची, वर दूध घातलेली. शैलाक्काला स्वतःला कुरडई कधी जमली नाही. एकदा केली होती, ती तेलात फुलायच्या ऐवजी भांडून बाहेर आली.

त्या दिवशी सकाळी घंटागाडी आली. गाडीला ड्रायव्हर नव्हता, पण आवाज होता, नव्या सुनेसारखा गोड. ओला कचरा, सुका कचरा झाला आणि मग आवाज म्हणाला, "सुतार गल्ली. अर्जदार तेजस माने. पत्रा काढून स्लॅब आणि वर एक मजला. कुणाची हरकत असेल तर गाडीपाशी बोलावं."

शैलाक्काच्या हातातली बादली हातातच राहिली.

तेजस म्हणजे बेबीचा मुलगा. चाकणला कारखान्यात होता. वर मजला? म्हणजे तो परत येणार. बायको घेऊन, पोरगी घेऊन. आणि हे आपल्याला घंटागाडीकडून कळतंय? चाळीस वर्षं एकमेकींच्या भाजीत मीठ किती ते माहीत, आणि एवढी गोष्ट पोटात ठेवली हिनं?

आणखीही एक होतं, ते शैलाक्का स्वतःशीसुद्धा बोलली नाही. तिचा कुणाल बेंगळुरूला होता. दर रविवारी फोन करायचा आणि दर रविवारी दिवाळीला येतो म्हणायचा. कुठल्या दिवाळीला ते त्यानं कधी सांगितलं नव्हतं.

ती तरातरा गाडीमागं गेली. तिथं जाळीचं एक तोंड होतं, त्यात बोलायचं.

"माझी हरकत आहे."

"काय हरकत आहे?" गोड आवाज.

"मजला झाला तर माझ्या गच्चीवरचं ऊन जाईल. माझ्या कुरडया वाळायच्या नाहीत." आणि मग, उगाच वजन पडावं म्हणून, "त्याच्यावरच माझं पोट आहे."

"हरकत घेतली. नाव गुप्त राहील. धन्यवाद."

शैलाक्का घरात येऊन चहा टाकायला लागली. मनात सगळं ठरलेलं. आता बेबी येईल, नारळ आणील, गयावया करील. आपण जरा फुगून बसायचं, दोनचार दिवस तिला लटकवायचं, मग मागं घ्यायची.

आधण तापतंय तोवर दारात बेबी. नारळ नव्हता. साखरेची वाटी होती, आणि ती धापा टाकत होती.

"शैले, तोंड उघड!" तिनं साखरेची चिमूट सरळ शैलाक्काच्या तोंडात कोंबली. "येतोय गं माझा तेजस! इथंच एमआयडीसीत जागा मिळाली त्याला. मी म्हणलं, आधी शैलाच्या कानावर घालते, मग काय ते बटण दाब. तर हा मेला पहाटे जागा झाला नि अंथरुणातच दाबून मोकळा! आणि ती गाडी गावभर बोंबलत फिरतीय. तुला तिच्याकडनंच कळलं असेल ना? रागावली नाहीस ना?"

शैलाक्काच्या तोंडात साखर होती, त्यामुळं बोलायची सोय नव्हती. तिनं मान हलवली.

"शाळा उघडायच्या आत पोरीचं नाव घालायचंय इथं. आणि मजला नाही झाला तर..." बेबी हसली. "तर मलाच चाकणला घेऊन जातो म्हणतो. मी म्हणलं, हात लाव बघू. शैलाला सोडून मी कुठं जातीय?"

चहाला उकळी आली. तेवढ्यात बेबीच्या कमरेचा फोन वाजला. बेबीनं तो कानापासून लांब धरून ऐकला, तिला मोठ्यानं लावायची सवय. आवाज तोच, गोड. "अर्ज नामंजूर. शेजारच्या मिळकतीत उन्हावर चालणारा घरगुती धंदा आहे. तो बुडेल. तीन पावसाळे पुन्हा अर्ज करता येणार नाही."

चहा उतू गेला.

"धंदा?" बेबी हळूच म्हणाली. "कुणाचा गं?"

शैलाक्कानं साखर गिळली. "तो... मागच्या अंगाचा सदू परीट असेल. कपडे वाळवतो ना. जळका आहे मेला."

बेबीनं तिच्याकडं बघितलं. मग साखरेची वाटी हातानं झाकून निघाली.

"असेल बाई," म्हणाली.

सदू परीट बिचारा. त्यानं शैलाक्काच्या नवऱ्याच्या शेवटच्या आजारपणात चादरी फुकट धुऊन दिल्या होत्या.

शैलाक्का दुसऱ्याच दिवशी नगरपरिषदेत गेली. नगररचनेला मुळीक नावाची तरुण बाई होती, केस आखूड, बोलणं सरळ.

"मॅडम, मला हरकत मागं घ्यायचीय."

"हरकत मागं घेता येत नाही, काकू."

"असं कसं? पूर्वी घ्यायची की."

"पूर्वी फाइल पडून असायची, म्हणून घेता यायची. आता निकाल लागला. धाकट्या गावानं तुमच्या गच्चीवरच्या डबीच्या सगळ्या वर्षांच्या नोंदी काढल्या. दर उन्हाळ्यात कुरडयाच कुरडया. इतका मोठा धंदा आहे तुमचा, ऊन गेलं असतं तर तुमचं काय झालं असतं?" मुळीकबाईंना खरंच काळजी वाटत होती. तेच शैलाक्काला सहन होईना.

"पण माझं मन बदललं."

"मनाचं त्याला काही कळत नाही. काही खोटं सांगितलं गेलं असेल, तर ते दुरुस्त करता येतं. निकाल परत लागतो."

शैलाक्का टेबलावरच्या पेपरवेटकडं बघत राहिली. "आणि... एखाद्यानं केली अशी दुरुस्ती, तर ती गुपचूप होते का?"

"हरकत गुपचूप. दुरुस्ती नाही. घंटागाडीपाशी बोलायचं, गाडी ते परत बोलून दाखवते आणि मग सगळीकडं सांगते. एकाच्या खोट्यावर सगळ्या गावाचा हिशोब चुकतो ना, काकू. तुम्हाला कुणाविषयी काही माहीत आहे का?"

"नाही हो," शैलाक्का म्हणाली. "मी आपलं सहज."

मग तिनं बाकीचे उपाय करून बघितले. कबुली सोडून जगात जे जे करता येतं ते सगळं.

आधी तिनं गच्चीवर हिरवी जाळी ताणली. म्हणलं, ऊन मीच घालवते, मग कसला धंदा आणि कसला निकाल. दुपारच्या आत नगरपरिषदेची दोन माणसं शिडी घेऊन हजर. "आजी, तुमच्या धंद्याच्या उन्हात अडथळा आलाय. डबीनं कळवलं." त्यांनी जाळी काढली, घडी करून हातात दिली, वर काळजी घ्या म्हणून सांगितलं.

मग तिनं बेबीला सांगितलं, "यंदा नको आणूस वर. उंदीर झालेत." बेबी संध्याकाळी एक मांजर घेऊन आली. बोका होता तो, एवढा मोठा, की उंदरांचं सोडाच, गल्लीतल्या कुत्र्यांनी रस्ता बदलला. बेबीनं त्याला गच्चीवर सोडलं आणि सकाळी चिकाचं पातेलं घेऊन हजर.

बेबी रोज यायला लागली. हेच तर शैलाक्काला पोळत होतं. एरवी कुरडयांचं काम चार दिवस चालायचं, दोन दिवस विसावा. यंदा खंडच नाही. रोज पहाटे चीक, रोज नवी साडी अंथरलेली, रोज पांढऱ्या वेटोळ्यांची रांग. बोलणं मात्र कमी झालेलं. चिकाची वाटी पुढं करायची, सोऱ्या दाबत राहायचं आणि मधेच थांबून शैलाक्काकडं बघायचं.

"एवढ्या कुणाच्या गं?" शैलाक्कानं एकदा विचारलं. "कुणाचं लग्न आहे एवढं मोठं?"

"आहे एक," बेबी म्हणाली. "तू काही म्हणत होतीस का?"

"मी? नाही बाई."

"मला वाटलं काही म्हणत होतीस."

कोपऱ्यात डबी बसलेली. इवलीशी, करड्या रंगाची. शैलाक्काला वाटायचं ती सारखी हुंगतीय. जिच्या घराचा मजला अडला तिचीच मेहनत, तिच्याच हातची कुरडई, आणि दर वेटोळ्यागणिक डबी तिच्याच विरुद्ध साक्ष देतेय. आणि आपण काठी घेऊन राखण करतोय. चिकाची वाटी रोज हातात यायची आणि रोज तशीच गार होऊन जायची. एक दिवस तिनं तो चीक बोक्याला घातला. बोक्यानं हुंगला आणि तोंड फिरवून गेला.

मग एका दुपारी तेजस आला. वर न येता खालूनच म्हणाला, "मावशी, आईचं सामान भरायला आलोय. पावसाच्या आत नेतो तिला. तुमच्याकडं तिची दोन पातेली आहेत म्हणे."

शैलाक्कानं पातेली काढून दिली. घासलेलीच होती, तरी परत घासून दिली.

सकाळी घंटागाडी आली तेव्हा गल्लीतल्या सगळ्या बायका बादल्या घेऊन बाहेर होत्या. सदू परीटसुद्धा होता, त्याची बायको माहेरी गेलेली. बेबी आपल्या दारात उभी होती, पाठीमागं बांधलेली गाठोडी. शैलाक्का गाडीमागच्या जाळीपाशी गेली आणि तोंड अगदी जवळ नेऊन कुजबुजली.

"मला दुरुस्ती करायचीय."

"मोठ्याने बोला," गाडी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी म्हणाली.

बायकांनी बादल्या खाली ठेवल्या.

"दुरुस्ती करायचीय."

"कृपया आणखी मोठ्याने."

"अगं भवाने, बहिरी आहेस का!" शैलाक्का ओरडली. आणि ओरडायला लागली ती लागलीच. "मी शैला ढवळे! मानेंच्या मजल्याला हरकत मी घेतली! माझ्या कुरडया म्हणून सांगितलं, त्यातली एकही माझी नाही. मला कुरडई येतसुद्धा नाही! सगळ्या बेबीच्या आहेत. धंदा तिचा, मेहनत तिची, गच्ची तेवढी माझी. मी नुसते कावळे हाकलते."

सदू परीट जमिनीकडं बघत होता, जणू त्यानंच काहीतरी केलंय.

"दुरुस्ती घेतली," गाडी गोडपणे म्हणाली. "हरकतदार शैला ढवळे यांना कुरडई येत नाही. शेजारच्या गच्चीवरील कुरडया अर्जदाराच्या आईच्या आहेत. बरोबर आहे का?"

"बरोबर आहे."

"धन्यवाद."

गाडी पुढं निघाली. वळणावर तिनं ते परत सांगितलं. मग पलीकडच्या गल्लीत. मग मारुतीपाशी. शैलाक्का रिकामी बादली घेऊन तिथंच उभी होती आणि तिचं नाव लांब लांब जात होतं, मधेच वाऱ्यानं परत येत होतं. कुरडई येत नाही. कुरडई येत नाही. चहाला उकळी येईल एवढ्या वेळात बेबीच्या कमरेचा फोन वाजला. मंजूर. नव्या मजल्यावरच्या गच्चीला जास्त ऊन मिळेल, धंद्याचा फायदाच आहे.

बेबी शैलाक्काच्या घरात आली नाही. बाहेरच्या जिन्यानं सरळ गच्चीवर गेली. शैलाक्का मागोमाग. बेबी वाळलेल्या कुरडया डब्यात भरत होती, एकेक उचलून, न मोडता.

"बेबे," शैलाक्का म्हणाली. "मला वाटलं तू नारळ घेऊन येशील. मग मी मागं घेईन. मला काय माहीत ते मेलं एवढ्या लवकर..."

"मला त्याच दिवशी कळलं होतं," बेबी म्हणाली. तिनं मान वर केली नाही. "उन्हावर चालणारा धंदा म्हणे. या गल्लीत उन्हावर धंदा चालतो माझा, शैले. दुसऱ्या कुणाचा? सदू परटाकडं तर केव्हापासून वाळवायचं मशीन आहे."

शैलाक्कानं दुसरा डबा तिच्यापुढं सरकवला.

"मग रोज का येत होतीस?"

"म्हणलं, आज सांगशील. नाहीतर उद्या सांगशील. येत राहायला काहीतरी निमित्त हवं ना." बेबीनं डब्याचं झाकण लावलं. ते बसेना, एवढ्या कुरडया होत्या. "कुणाचं लग्न नाही की काही नाही. कुणी मागितल्याच नव्हत्या एवढ्या. घरातले गहू संपले माझे, तुझी वाट बघता बघता."

ती डबे घेऊन खाली गेली. अंथरलेली साडी तशीच राहिली. शैलाक्कानं ती उचलली, घडी घातली, आणि मग ती घडी कुठं ठेवावी ते तिला कळेना.

पुढच्या उन्हाळ्यात समोर मजला झाला होता. तेजसची पोरगी वरच्या खिडकीतून पाढे म्हणायची. धाकट्या गावानं सांगितलं होतं अगदी तशीच सावली दुपार कलली की शैलाक्काच्या गच्चीवर उतरायची, जिथं साड्या अंथरल्या जायच्या तिथंच. शैलाक्का तिच्यात बसून राहायची. बेबी रस्त्यात दिसली की बोलायची, नाही असं नाही. काय गं, बरी आहेस ना, एवढंच. ते न बोलण्यापेक्षा जड होतं.

एका सकाळी सून आली, स्नेहल. हातात वाटी. वर दूध.

"आईंनी दिलंय. म्हणाल्या, वर कावळे फार झालेत."

शैलाक्का काठी घेऊन नवा जिना चढली. बेबीनं नुसती बसायची जागा दाखवली आणि सोऱ्या दाबायला लागली. इथून शैलाक्काची गच्ची खाली दिसत होती. एवढीशी, मोकळी, कोपऱ्यात ती करडी डबी. शैलाक्कानं तिकडं पाठ केली.

खाली घंटागाडी आली. ओला कचरा, सुका कचरा झाला. मग गोड आवाज म्हणाला, "सुतार गल्ली. अर्जदार सदाशिव परीट. दुकानापुढं छत. कुणाची हरकत असेल तर गाडीपाशी बोलावं."

गाडीपाशी कुणी गेलं नाही. बेबीचा हात सोऱ्यावर थांबला. तिनं शैलाक्काकडं बघितलं.

आभाळात एकही कावळा नव्हता. शैलाक्कानं काठी उचलली, "हाऽऽड!" म्हणून ओरडली, आणि किती तरी वेळ काळं फडकं हलवत राहिली.